बेसबॉल हंगामाच्या शेवटच्या रविवारी कोणावर कोंबडा लावावा?

कपाशीवाला_राळेगाव

राजेहो, पह्यलेच सांगतो, पैशाची शर्त नाही. कोंबड्याची आहे. गावरान, दीड किलोच्या खाली नाही, असं ठरलं आहे. त्यामुळं उपदेश जरा बेतानं करा.

माहा साळा डेट्रॉइटले राह्यते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. त्यानंच मले या बेसबॉलचा नाद लावला. मले सप्टेंबरात जागलीवर बसाच लागते. सोयाबीन शेंगांवर आलं का रानडुकरं येतेच, अन् रोह्याचा कळप एकदा शिरला का कापणीचं कामच उरत नाही. तिकडं संध्याकाळी सातले सामना सुरू झाला का इकडं पहाटेचे साडेचार वाजते, मंजे मचाणीवर नेमकी झोप अनावर होते तो टाइम. टावर आमच्या शेतात एकाच जागी येते, मचाणीच्या बोरीकडल्या खांबाजवळ. तिथं मोबाईल सुतळीनं बांधून ठेवला आहे. मान वाकडी करून स्कोअर पाहाचा, मंधात डबा वाजवाचा, पुन्हा स्कोअर.

शर्तीचा नियम असा, का हंगामाच्या शेवटी सामना तो निवडन अन् संघ मी निवडीन. दिसाले मले फायद्याचं दिसते. आता मागच्या वर्षी काय झालं ते आयका.

२०२४ च्या शेवटच्या शनिवार-रविवारचे दोन सामने त्यानं मले देले. डेट्रॉइट टायगर्स विरुद्ध शिकागो व्हाइट सॉक्स. मी टेबल पाह्यला तं हसूच आलं. शुक्रवारीच टायगर्सनं त्याइले ४-१ नं हाणलं होतं. व्हाइट सॉक्सची ती १२१वी हार होती, अन् न्यूयॉर्क मेट्सचा १९६२ चा १२० हारींचा रेकॉर्ड तिथंच मोडला. त्याच रात्री टायगर्स २०१४ नंतर पह्यल्यांदा प्लेऑफमध्ये गेले. मंग अजून काय इचार कराचा? दोन्ही दिवस टायगर्स, म्हटलं. साळा फोनवर "बरं" एवढंच बोलला. तेव्हाच समजाले पाह्यजे होतं.

दोन्ही दिवस टायगर्स हारले.

साळा तर अमेरिकेत, मंग कोंबडे गेले सासरवाडीले. बायको कळंबच्या एसटीत पिशवीतून दोन कोंबडे घेऊन गेली, कंडक्टरशी भांडली, अन् सासूबाईनं केलेला रस्सा साळ्यानं मले व्हिडिओ कॉलवर दाखवला. त्याच्यावर तर्री दोन बोटं होती.

या वर्षीचा, मंजे २०२५ चा, शेवटचा रविवार आला आहे. टेबल पाहून संघ निवडाचा नाही, एवढं समजलं. पाहाव काय मंग?

---

हिंजवडीतला_वऱ्हाडी

भाऊ, तर्रीचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. मी मूळचा धामणगावचा, इथं रात्रपाळीत सामने बघतो.

तुमची चूक टेबल पाहण्यात नाही, टेबल क्रिकेटच्या नजरेनं पाहण्यात आहे. तिकडे एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २००१ मध्ये सिअ‍ॅटल मॅरिनर्सनं त्यातले ११६ जिंकले, तरी ४६ हरलेच. तुमच्या त्या व्हाइट सॉक्सनं १२१ हरून ४१ जिंकले, म्हणजे चारातला एक. इतका वाईट संघही चारातून एकदा तुमचा कोंबडा नेणारच. नेहमीच्या दोन संघांमध्ये तर फरक आणखी कमी असतो. घरच्या मैदानावर खेळणारा संघ साधारण ५३-५४ टक्के जिंकतो. बस्स, एवढंच.

मग बघायचं काय? त्या दिवशी सुरुवातीला चेंडू कोण टाकणार, ते. संघाचं नाव रोज तेच असतं, पण पिचर रोज वेगळा. पाच जणांची पाळी असते, एकदा टाकला की चार-पाच दिवस विश्रांती. टायगर्सकडे त्या वर्षी टॅरिक स्कूबल होता, १८ जिंकले, ४ हरले, लीगमधला सर्वोत्तम पिचर ठरला. तो २४ सप्टेंबरला टाकून बसला होता. रविवारी त्याची पाळी येऊ शकत होती. पण शुक्रवारी प्लेऑफ पक्कं झालं, मग त्याला रविवारी कशाला वापरतील? ठेवला राखून. मंगळवारी, १ ऑक्टोबरला, ह्यूस्टनमध्ये प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात उतरवला आणि ३-१ नं जिंकले. तुम्ही ज्या टायगर्सवर कोंबडा लावला, ते टायगर्स मंगळवारी खेळले. रविवारी मैदानात होते ते दुसरेच. साळेबुवांना हे माहीत होतं म्हणून "बरं" म्हणाले.

दुसरी गोष्ट. तिकडचे भाव बघायला शिका, लावायला नाही. भाव मायनस १५० असेल तर १०० कमवायला १५० लावावे लागतात, म्हणजे बाजार त्या संघाला ६० टक्के देतो. समोरच्याचा प्लस १३० असेल, तर १०० लावून १३० मिळतात, ते झाले साडेत्रेचाळीस टक्के. बेरीज करा, एकशे साडेतीन भरते. वरचे साडेतीन दुकानदाराचे. म्हणून पैशावाले शेवटी मरतात. तुमच्या कोंबड्यात दुकानदार नाही, तुमची शर्त त्यांच्यापेक्षा न्याय्य आहे.

---

जुना_पटवाला

मले ते बेसबॉल काही समजत नाही. नातवानं हे वाचून दाखोलं. पन शंकरपट, मंजे बैलजोड्याइची शर्यत, ते समजते. तळेगाव दशासरचा पट मी पोरगा होतो तवापासून पाह्यला हाय. २०१४ त कोर्टानं बंद केला तं जोड्या खुट्यालेच राह्यल्या, २०२१ च्या शेवटी पुन्हा परवानगी भेटली तवा बैलाले पन आठोन कराव लागली.

पटात नवखा मानूस जोडीचं नाव इचारते. आमी इचारतो धुरकरी, मंजे जोडी हाकलनारा, कोन हाय. तेच बैल, धुरकरी बदलला का सेकंद बदलते. तो हिंजवडीवाला पोरगा पिचर पिचर म्हनून राह्यला, तं तो धुरकरीच झाला का नाही?

अन् मागच्या आठ दिवसात जोडी कुठं कुठं पळाली ते पाहाचं. कोनत्या गाडीत आनली, उभी आनली का बसून आली, रातभर पानी पेली का नाही. जिनं मोठं बक्षीस मारलं ते दुसऱ्या पटाले ढिली पळते. मालकच तिले ढिली सोडते, पुढच्या मोठ्या पटासाठी. हे मी डोयानं पाह्यलं हाय. तुहे टायगर का फायगर, तेबी तसेच.

---

बिनधास्त_९९

कोणत्या अ‍ॅपवर भाव बघता? लिंक द्या ना. आपण ५०० पासून सुरू करू.

---

आर्वीकर

बिनधास्त भाऊ, लिंक कोणी देणार नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला, पैसे लावायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद. आणि आपल्याकडे जुगाराचा जुना कायदा १८८७ पासून आहेच.

कायदा राहू द्या बाजूला. माझ्या लहान भावानं क्रिकेटवर ५०० पासूनच सुरू केलं होतं. एका अ‍ॅपनं पहिले तीन दिवस जिंकू दिलं. नंतर तुरीचं पेमेंट खात्यात आलं त्या दिवशी दुपारी चार ते रात्री अकरा, सात तासांत खातं साफ. बाबांना आम्ही अजून सांगितलेलं नाही, व्यापाऱ्यानं पैसे अडवले आहेत असंच सांगतो. तो व्यापारी बिचारा भला माणूस आहे, बाजारात बाबा त्याच्याशी बोलत नाहीत.

कोंबडा चालू द्या.

---

मैदानावरची_मॅडम

मी अमरावती जिल्ह्यात शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते. विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही खेळले, कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे उकिडवं बसून पिचरचा चेंडू झेलणारी. कॅचरचं संरक्षक साहित्य आमच्याकडे एकच सेट होता, मुलांचा सामना संपला की त्यांच्या घामानं ओला झालेला तोच मुली घालायच्या. त्यामुळे या खेळाकडे मी गुडघ्यांवरून बघते.

पिचरबद्दल वर बरोबर लिहिलं आहे, पण तिथंच थांबू नका. शेवटच्या रविवारी सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग टाकेलच याची खात्री नसते. ज्याला प्लेऑफमध्ये वापरायचं आहे त्याला दोन-तीन इनिंग हात मोकळा करायला देतात आणि काढून घेतात. मग उरलेला सामना मागच्या फळीचे पिचर खेळतात, ज्याला बुलपेन म्हणतात. म्हणून मागच्या तीन दिवसांत त्यातल्या कोणी किती चेंडू टाकले ते पाहा, प्रत्येक सामन्याच्या स्कोअरकार्डात मिळतं. सलग दोन दिवस टाकलेल्या माणसाचा तिसऱ्या दिवशी चेंडू उंच राहतो. हे मी हातमोज्यात झेललेलं आहे. ताजा असताना पोरीचा चेंडू मोज्याच्या खोबणीत 'फट्' वाजायचा, दमली की तोच तळव्याच्या मांसावर बसायचा आणि आवाज दबका यायचा. मी प्रशिक्षकांना सांगायची, आता काढा हिला. ते म्हणायचे, तू चेंडू पकड.

त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे हा सामना कोणाला हवा आहे. सध्या बारा संघ प्लेऑफला जातात, प्रत्येक लीगचे सहा. त्यातल्या पहिल्या दोघांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. पूर्वी बरोबरी झाली की १६३वा सामना खेळवत, २०२२ पासून तो बंद केला, आता आपसातल्या सामन्यांवरून ठरतं. म्हणजे 'प्लेऑफ पक्कं' एवढं वाचून थांबायचं नाही. जागा पक्की झाली आहे की क्रमांकही पक्का झाला आहे, हे वेगवेगळं. क्रमांक बाकी असेल तर खरा संघ उतरतो. दोन्ही पक्के असतील तर बाकावरची पोरं उतरतात.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुमच्याच २०२४ चं आहे. वादळामुळे मेट्स आणि अटलांटा ब्रेव्ह्जचे सामने राहिले होते, ते हंगाम संपल्यावर सोमवारी, ३० सप्टेंबरला, एकाच दिवशी दोन खेळवले. दोघांनाही एकेक विजय पुरेसा होता. पहिला मेट्सनं ८-७ असा जिंकला, नवव्या इनिंगमध्ये लिंडोरनं होम रन मारून. जीव तोडून खेळले. काही वेळानं तेच मैदान, तेच दोन संघ, आणि ब्रेव्ह्ज ३-० नं जिंकले. मेट्सचं काम झालं होतं ना. दोघेही आत गेले, आणि घरी बसून बघणारा अ‍ॅरिझोना बाहेर पडला. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मेट्स काही वाईट संघ झाला नव्हता.

आणि स्पर्धेतून बाद झालेल्या संघाला मेलेला समजू नका. १ सप्टेंबरपासून संघात २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात, त्यात नवी पोरं येतात. त्यांना पुढच्या वर्षीची जागा याच आठ दिवसांत मिळवायची असते. व्हाइट सॉक्सनं शेवटच्या सहापैकी पाच सामने जिंकले होते, हे तुम्ही टेबलात पाहिलंत का?

अंतिम संघ सामन्याच्या तीन-चार तास आधी जाहीर होतो. त्यात पहिलं नाव कॅचरचं बघा. नेहमीचा कॅचर नसेल तर त्या संघाला सामना फारसा नको आहे. शनिवारी रात्री खेळून रविवारी दुपारी पुन्हा खेळायचं असेल तर तसंही त्याला बसवतात. गुडघे!

---

कपाशीवाला_राळेगाव

मॅडम, तुम्ही लिहिलेलं मी मचाणीवर दोनदा वाचलं. पटवाल्या बाबाले रामराम.

एक इचारतो. संघ तीन-चार तास आधी समजते म्हणता, अन् मले साळ्याले उत्तर रविवारी रात्री दहाच्या आत द्याचं आहे. शेवटच्या रविवारी सगळे सामने जवळपास संगंच सुरू होते, आपल्या रात्री साडेबाराच्या पुढं. मंजे नऊ ते दहा हा एक तास माहा. बरोबर ना?

अन् हिंजवडीवाले भाऊ, आधीचा पिचर बदलला तं?

---

हिंजवडीतला_वऱ्हाडी

बरोबर, नऊ ते दहा. पिचर शेवटच्या क्षणी बदलला तर शर्त रद्द, असा नियम साळेबुवांकडून आत्ताच लिहून घ्या. तिकडेही पैज लावताना 'ठरलेले दोन्ही पिचर उतरले तरच' अशी अट घालता येते.

आणि मोठी आघाडी झाली तरी झोपू नका. २०११ च्या शेवटच्या रात्री यांकीज ७-० नं पुढे होते, आठव्या इनिंगपर्यंत. त्यांचं गटातलं पहिलं स्थान आधीच पक्कं, त्यामुळे एकामागून एक दुसऱ्या फळीचे पिचर येत राहिले. टॅम्पा बेनं आठव्यात ६ काढले, नवव्यात दोन बाद असताना बरोबरी केली आणि बाराव्यात लाँगोरियाच्या होम रननं ८-७ असा सामना नेला. त्याच रात्री बोस्टन हरला आणि प्लेऑफमधून गेला. सप्टेंबरच्या सुरुवातीला टॅम्पापेक्षा नऊ सामने पुढे असलेला बोस्टन.

---

कपाशीवाला_राळेगाव

रविवार, रात्री साडेनऊ. सामना आला. कोणता ते लिहीत नाही, साळा हा धागा वाचते असा मले संशय आहे. काल त्यानं फोनवर "गुडघे कसे आहे?" असं इचारलं.

तसाही तो सध्या चिडलेला आहे. त्याच्या टायगर्सनं या वर्षी साडेपंधरा सामन्यांची आघाडी क्लीव्हलँडले खाऊ देली, गटात दुसऱ्या नंबरवर गेले. चिडलेला मानूस सामना निवडाले चुकते, असं मी धरून चाललो.

घरचा संघ मोठा आहे, जागा पक्की, क्रमांक पक्का. पाहुणा संघ कधीचाच बाद. भाव घरच्याकडं झुकलेला आहे, पण थोडाच. मागच्या वर्षीचा मी असतो तं डोळे मिटून घरचा घेतला असता.

आता पाहा. घरच्याचा नेहमीचा कॅचर नाही. नेहमीच्या नऊपैकी चार बॅटर नाही. पिचर असा, का ज्याचं नाव मी तीन महिन्यात आयकलं नाही. पाहुण्याचा पिचर चांगला आहे, पाच दिवस आराम झाला, अन् संघात पोट्टेच पोट्टे. बुलपेन दोघांचंही दमलेलं, पाहुण्याचं जरा जास्तच.

पाहुणा घेतला. मॅसेज टाकला. साळ्याचं उत्तर आलं, "हं." मागच्या वर्षी "बरं" होतं. यातलं चांगलं कोणतं ते कोणी सांगू शकन का?

---

जुना_पटवाला

हं चांगलं. बरं खराब.

---

कपाशीवाला_राळेगाव

जिंकलो.

पण खरं सांगतो, ज्या कारणानं जिंकीन म्हटलं होतं त्या कारणानं नाही. माहा चांगला पिचर तिसऱ्याच इनिंगमध्ये कुटला गेला. लगातार तीन हिट, मंग एक होम रन. मी मोबाईल खांबावरून सोडून देला अन् डबा वाजवत बांधावरून एक चक्कर मारून आलो, कारण बोरीकडं काहीतरी वाजत होतं. डुक्कर नव्हतं, शेजाऱ्याचा कुत्रा होता. येऊन पाहतो तं टावर गेलेला. दहा मिनिटं काहीच नाही. टावर आला तेव्हा सामना बरोबरीत! घरच्यानं मंधल्या इनिंगमध्ये एकामागून एक नवीन पिचर काढले, त्यातल्या एकानं तीन बॅटरले फुकट बेस देले. मॅडमचं बुलपेनचं म्हणणं उलट्या बाजूनं खरं झालं. दमलेलं माहं होतं, पण त्याइचं तं कच्चं होतं. शेवटी एका रननं आलो. सोयाबीनले काही झालं नाही.

आता वेगळाच प्रश्न आहे. नवरात्र चालू आहे, दसऱ्याच्या आधी घरात काही शिजणार नाही, हे बायकोनं निकाल आयकाच्या आधीच सांगून टाकलं होतं. ठीक. पण सासूबाईनं आज कळंबहून येणाऱ्या मानसाच्या हातून शर्त चुकती केली. टोपलीवरचं फडकं काढून पाह्यलं तं आत कोंबडा नाही, तलंग आहे. सव्वा किलोची भरन. बायको म्हणते, आता अंड्यावर येईन, हिले कोणी हात लावाचा नाही, माह्या मायनं मले धाडली. साळ्याले फोन केला तं तो म्हणते, शर्त चुकती झाली, वजनाचा वाद बायकोशी कर.

नियमात साफ "कोंबडा, दीड किलो" होतं. ही तलंग शर्तीत धराची का नाही?

---

मैदानावरची_मॅडम

तिकडे पावसानं खेळ अर्धवट राहिला तरी पाच इनिंग झालेल्या असल्या की निकाल धरतात. सव्वा किलो भरत असेल तर पाच इनिंग झाल्या असं माझं मत. पण तलंग तुमच्या बायकोची आहे.

---

जुना_पटवाला

अंडे किती देते ते पाहून सांगजो.